जपानी पाहुण्यांसाठी चेंडू

बेसबॉल खेळून मी घर चालवलं असं सांगितलं, की लोक आधी माझ्या तोंडाकडे पाहतात आणि मग हसतात. हसा बापा, हसा. नागपुरात हॉकीवाले झाले, फुटबॉलवाले तर मोहल्ल्या-मोहल्ल्यात झाले, पण बेसबॉलचा पगार घेणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी होतो. कन्हानच्या पुढे मँगनीजच्या खाणी आहेत. त्यातल्या एका खाजगी कंपनीनं मला चेंडू टाकण्यासाठी नोकरीवर ठेवलं होतं. मस्टरवर मी टाइमकीपरचा मदतनीस होतो, पण टाइमकीपरच्या खोलीत मी फार तर चहा प्यायला गेलो असेन. माझं खरं काम वेगळंच होतं. कंपनीचा माल विकत घेणारे जपानी साहेब आले, की त्यांना चेंडू टाकायचे, आणि ते त्यांना मारता येतील असेच टाकायचे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांना यातली गोम कळायची नाही, म्हणून सांगतो. बेसबॉलमध्ये टाकणाऱ्याचं सगळं जगणं समोरच्याला चुकवण्यात असतं. चेंडू टप्पा न घेता जातो, मारणाऱ्याच्या पाठीमागे आपला एक गडी बसलेला असतो तो झेलतो, आणि समोरच्यानं तीनदा हुकवलं की तो गेला. आमचे मॅनेजर खरे साहेब कंपनीच्या खर्चानं जपानला जाऊन आले होते. तिथं म्हातारेकोतारेसुद्धा या खेळापायी वेडे झालेले त्यांनी पाहिले, आणि त्यांच्या डोक्यात आलं, की आपल्याकडे माल पाहायला येणाऱ्यांना हा खेळ खेळवला तर सौदा लवकर पटेल. परत आल्यावर त्यांनी खाणीतल्या टाकाऊ खड्यांनी एक मैदान सपाट करून घेतलं, बॅटी आणि हातमोज्यांची पेटी जहाजानं मागवली आणि कामगारांतून गडी निवडले. फिटर, ड्रिलवाले, स्टोअरचा कारकून, जो धावू शकेल तो. फक्त चेंडू टाकणारा मिळेना. लेबर ऑफिसर काही कामानं नागपूरला आले होते, तेव्हा त्यांनी मला कस्तुरचंद पार्कवर क्रिकेट खेळताना पाहिलं. मी पार सीमेवरून फेकलेला चेंडू थेट यष्टीवर बसला, आणि पुढच्या महिन्यात मी खाणीवर होतो.

तेव्हा आम्ही नागपुरातच, इंदोऱ्याला राहायचो. एक खोली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि पुढे पत्र्याची पडवी. बाबा गिरणीत बदली कामगार होते, म्हणजे भोंगा झाला की फाटकाशी जाऊन उभं राहायचं, कोणी गैरहजर असला तर आत घेत, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी. न उघडलेला डबा घेऊन बाबा आले की माय काही विचारायची नाही, डबा हातातून घ्यायची आणि आम्हा पोरांसमोर उघडायची. ती स्वतः विड्या बांधायची. मांडीवर सूप, शेजारी ओल्या फडक्यात तेंदूची पानं, आणि दिवसभर कात्रीची कचकच. तंबाखूच्या धुळीनं तिचा खोकला कायमचा झाला होता. माझी धाकटी बहीण बेबी शाळेतून आली की तिच्या शेजारी बसून विड्यांची तोंडं मुडपायची. पाण्यासाठी गल्लीच्या टोकाला नळ होता आणि त्या नळावर जेवढी भांडणं झाली तेवढी कोर्टातही झाली नसतील.

आणि मग कंपनीनं आम्हाला क्वार्टर दिला. खोली, स्वयंपाकघर, मागे अंगण, आणि अंगणात आपला स्वतःचा नळ. पहिल्या दिवशी मायनं तो नळ कितीदा उघडला आणि कितीदा बंद केला, देव जाणे. बाबांना गेस्ट हाउसच्या बागेत माळीकाम मिळालं, अंगात कंपनीचा खाकी सदरा आला. बेबी कंपनीच्या शाळेत जाऊ लागली. मायनं विड्यांचं सूप शेजारणीला देऊन टाकलं. खोकला एकदम गेला नाही, पण मी झोपेतून उठायचो तो आता खोकल्यानं नाही, सुरुंगाच्या भोंग्यानं. पलीकडे बाया हातोड्यांनी खनिज फोडायच्या, ट्रॉलीच्या रुळांची खडखड चालायची, आणि दुपारपर्यंत अंगणातल्या धुण्यावर काळी भुकटी बसायची. माय कपडे झटकताना पुटपुटायची, पण चेहरा हसरा असायचा. अंबाडीची भाजी, लाखोळीचं वरण, ज्वारीची भाकर, हेच जेवण इंदोऱ्यालाही होतं. इथं मात्र बाबा पहिल्यांदा ताटावर बसून गोष्टी सांगू लागले. कोणत्या साहेबाला कोणता गुलाब आवडला, कोण बागेत फिरताना एकटाच गाणं म्हणतो. तोवर बाबांना एवढं बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं.

क्वार्टर टीममुळे मिळाला होता. लेबर ऑफिसरनं किल्ली देतानाच हसत हसत सांगितलं होतं, की टीममध्ये आहेस तोवर घर तुझं, टीम सोडलीस की किल्ली वापस. मीही हसलो होतो.

पाहुण्यांना चेंडू टाकायच्या या प्रकाराला आम्ही 'वाढणं' म्हणायचो. हा शब्द इक्बालचा. इक्बाल कामठीचा, वर्कशॉपमध्ये फिटर, आणि मी टाकलेला चेंडू झेलणारा गडी. पाहुण्यांची मोटार आली की तो गुडघ्यांना पट्टे बांधता बांधता विचारायचा, "क्यों भाई, आज किसको परोसना है?" वाढणं वाटतं तेवढं सोपं नाही. हळू टाकला की पाहुण्याला कळतं, की आपल्याला लहान पोर समजून राहिले, आणि तो चिडतो. चेंडू वेगात आलेला दिसला पाहिजे, हवेत जरा वळलाही पाहिजे, आणि तरी त्याची बॅट जिथून येणार तिथंच पोचला पाहिजे. कोणाचा खांदा आखडलेला, कोणाचं पोट आडवं येणारं, कोणी डोळे मिटून मारणारा. पाहुणा पहिल्या दोन वेळा बॅट फिरवायचा तेवढ्यात मला त्याची सगळी कुंडली कळायची. मग मी चेंडू नेऊन त्याच्या बॅटवर ठेवायचो. तो लांब जायचा, खरे साहेब टाळ्या वाजवायचे, आमचे गडी मुद्दाम उशिरा धावायचे, आणि सरबत यायचं.

आता सत्तरी उलटली, आणि सूनबाई टीव्हीवर कधी अमेरिकेतले सामने लावून देते. मी फक्त टाकणाऱ्याचा चेहरा पाहतो. समोरच्यानं हुकवलं की तो कसा तोंडातल्या तोंडात हसतो, ते. तसं हसायला मिळावं म्हणून मी तेव्हा तडफडायचो. पाहुणे नसले की मी आणि इक्बाल संध्याकाळी मैदानावर जायचो आणि मी खरं टाकायचो, जीव खाऊन, असा की त्याचा तळहात मोज्यातून लाल व्हायचा. समोर मारणारा कोणी नाही. पेटीतून आलेल्या पुस्तकातली चित्रं पाहून मी बोटं कुठं ठेवायची ते शिकलो, चेंडू शेवटच्या क्षणी खाली पडेल असा टाकायला शिकलो, आणि ज्याला तो टाकावा असा माणूस त्या खाणीवर कुणी नव्हता. मला कोंडल्यासारखं व्हायचं. घरी येऊन नळाखाली डोकं धरायचो, तर माय आतून विचारायची, आज दमला काहून एवढा, पाहुणे तर नव्हते. काय सांगणार.

एका हिवाळ्यात खरे साहेबांनी हौस म्हणून नागपूरच्या एका कॉलेजची पोरं सामन्याला बोलावली. त्यांच्याबरोबर डोंगरे सर आले होते. ते रामदासपेठेत राहायचे, कॉलेजात व्यायाम शिकवायचे आणि प्रांताचा संघ बांधायचं काम त्यांच्याकडे होतं. त्या दिवशी पाहुणे नव्हते, वाढायचं नव्हतं. मी पहिला चेंडू टाकला आणि समोरच्या पोराची बॅट हवेतच फिरली. दुसराही गेला, तिसराही. अहाहा, काय सांगू तुम्हाला, अंगावर काटा आला. पोरामागून पोरगं येत होतं आणि मान खाली घालून परत जात होतं, इक्बाल मास्कच्या आतून शिव्या घालत होता, त्या आनंदाच्या होत्या. माझ्या आयुष्यातला तो एवढाच खरा खेळ. सामना संपल्यावर डोंगरे सरांनी माझा उजवा हात हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला, बैल घेताना पाहतात तसा. म्हणाले, "तू इथं काय करून राहिला गा? उन्हाळ्यात शिबिर आहे. चल माझ्यासंगं."

शिबिर म्हणजे दोन महिने नागपुरात राहणं. तिथून निवड झाली की परप्रांतात सामने, आणि सर म्हणत होते की चांगला टाकणाऱ्याला सरकारी खाती नोकरी देऊन नेतात. त्याकरता कंपनीनं मला सोडायला पाहिजे होतं. मी धीर करून खरे साहेबांच्या बंगल्यावर गेलो. साहेब वाईट माणूस नव्हते, हे आजही सांगतो. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, की महिन्याभरात ओकादा साहेब येतायत, सगळ्यात मोठे खरेदीदार तेच, त्यांच्या करारावर खाणीचं पुढचं सगळं अवलंबून आहे. ते खूश होऊन गेले की तू मोकळा. शिबिराला जा, पुढे निवड झाली तर तिकडेच राहा, आणि क्वार्टर मी तुझ्या बाबांच्या नावावर करून देतो. माझा कानांवर विश्वास बसेना. म्हणजे मायचा नळही राहणार होता आणि मीही सुटणार होतो. मी घरी कुणालाच काही बोललो नाही, ओकादा साहेबाला एकदा नीट वाढू, मग सांगू, असं ठरवलं.

ओकादा साहेब आले तेव्हा पळस फुलला होता. पाहुणा साठीचा, बारीक अंगाचा, केस पांढरे. बाकीचे जपानी मैदानावर हसत-खिदळत यायचे, हा टोपी काढून मैदानाला वाकून नमस्कार करून आत आला. डाव्या बाजूला उभा राहिला. पहिला चेंडू मी सरळ टाकला, तो हुकला. दुसराही हुकला. खरे साहेबांचा चेहरा पडला. मला मात्र तेवढ्यात दिसलं, की या माणसाचा एक खांदा वर जातच नाही. कधीतरी मोडून तसाच बसलेला. छातीच्या उंचीचा चेंडू त्याला जन्मात लागला नसता. पण त्याचे पाय, कंबर, मान, सगळं खऱ्या खेळाडूचं होतं. कोणे एके काळी हा माणूस फार चांगला खेळलेला होता, आणि आता आपल्याला जमत नाही हे त्याला आमच्याहून जास्त कळत होतं. इक्बालनं मांडीजवळ बोटं दाखवली, खाली पडणारा टाक म्हणून, खरा. का दाखवली त्यानं, मी नंतर विचारलं तर म्हणाला, सामने असली आदमी खडा था यार. माझी बोटंही चेंडूवर तशी बसली होती. एका क्षणासाठी मला सगळ्याचा विसर पडला. त्याला तिसऱ्यांदा चुकवावं असं वाटलं, आणि तो चुकला तर मान डोलावेल, हेही मला ठाऊक होतं.

मी बोटं बदलली. गुडघ्याच्या उंचीवर, जरा बाहेर, वेग न कमी करता टाकला. बॅटीचा तो आवाज मी परत कधी ऐकला नाही. चेंडू ट्रॉलीच्या रुळांपलीकडे खनिजाच्या ढिगावर जाऊन पडला. ओकादा साहेब धावलाच नाही, तिथंच उभा राहिला. मग मी दुसरा तिथंच टाकला, तिसरा तिथंच, चौथा जरा आत, आणि त्यानं सगळे मारले. खनिज फोडणाऱ्या बाया हातोडे ठेवून पाहत होत्या. शेवटी तो माझ्याकडे चालत आला, टोपी काढली आणि मैदानाला वाकला होता तसाच मला वाकला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, झालं, सुटलो.

दोन दिवसांनी पाहुणे गेले आणि खरे साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. करार झाला होता, पुढच्या बऱ्याच वर्षांचा. साहेबांनी उठून माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, ओकादा साहेब सांगून गेलेत, शाळा सुटल्यापासून असा चेंडू त्यांना कुणी टाकला नव्हता. दरवर्षी येणार म्हणतात. आणि जाताना एकच मागणं मागितलं, या मुलाला नीट सांभाळा, पुढच्या वर्षी हाच हवा. मी म्हणालो, पण साहेब, शिबिर. साहेबांनी खरंच वाईट वाटल्यासारखा चेहरा केला आणि म्हणाले, "सुदाम, तूच सांग, आता मी तुला कसा सोडू? तू जरा कमी चांगला टाकला असतास तर गोष्ट वेगळी होती." ते थट्टा करत नव्हते. मग म्हणाले, तुला आजपासून कायम केलंय, आणि मोठा क्वार्टर देतोय, निरोप गेलाय घरी.

घरी आलो तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, अरे, तुमचं बिऱ्हाड गेलं ना तिकडं, बाबूंच्या लाइनीत. बाबांनी माझी वाटसुद्धा पाहिली नव्हती. गेस्ट हाउसची हातगाडी आणून दुपारीच सगळं सामान वाहून नेलं होतं. नव्या क्वार्टरला दोन खोल्या होत्या, खिडकीला जाळी होती. बाबा घामाघूम होऊन खिळे ठोकत होते आणि बेबी, इथं मी अभ्यास करणार, म्हणून एका कोपऱ्यात पोतं अंथरून बसली होती. माय अंगणात मडकं पालथं घालून लांब रोट्या करत होती. हा आमच्याकडचा सणाचा पदार्थ. सैल कणीक दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत वाढवायची आणि तापल्या मडक्यावर अलगद पसरायची. चुलीवर मटण रटरटत होतं. तर्रीचा वास पार रस्त्यापर्यंत गेला होता. अशा घरात जाऊन तुम्ही काय बोलाल, सांगा मला.

जेवायला बसलो. बाबा सांगत होते, की साहेब स्वतः बागेत आले, हात मिळवला, मातीचा हात होता तरी मिळवला. माझा घास तोंडात फिरत होता. माय माझ्याकडे पाहत होती. तिनं मला दुसऱ्यांदा रस्सा वाढला नाही, वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "तुह्या मनात काय हाय रे?" मग मी सांगितलं. शिबिर, डोंगरे सर, साहेबांचं बोलणं, सगळं. आवाज न चढवता सांगितलं, पण सांगितलं. बाबांचा हात ताटातच थांबला. बेबी कोपऱ्यातून उठून आली.

माय म्हणाली, "मंग जाय ना तू. साहेबाले काय विचारतं. आपण जाऊ वापस इंदोऱ्याले. मी बांधीन विड्या."

तिनं हे रागानं म्हटलं नाही. लटकं तर मुळीच म्हटलं नाही. तिच्या मनानं तेव्हाच सामान बांधायला घेतलं होतं, मला दिसत होतं ते. आणि बोलता बोलता तिला खोकला आला, ती तोंडावर पदर धरून चुलीकडे वळली. बाबा खाली मान घालून ताटाच्या कडेला बोट फिरवत राहिले. त्या क्षणी मला घरातल्या कुणी तरी नाही म्हणावं, ओरडावं, तुझ्या जिवावर घर आहे म्हणून माझी कॉलर धरावी, असं फार वाटलं. कुणी धरली नाही. बाहेर पडायचा रस्ता पुरा मोकळा होता, आणि मायच त्याच्या तोंडाशी उभी राहून मला जाय म्हणत होती.

मी म्हणालो, "नाई वं माय. मले कुठं जायचं हाय. वाढ रस्सा."

तिनं वाढला. बाबांनी हळूच जेवायला सुरुवात केली, आणि थोड्या वेळानं परत गुलाबांचं बोलू लागले.

पुढच्या रविवारी डोंगरे सर स्कूटरवरून आले, मला न्यायला. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मी आंघोळ करत होतो. बाबांनी लगबगीनं खुर्ची बाहेर टाकली, बेबीला चहा ठेवायला सांगितलं, आणि सरांनी माझं नाव काढताच खाकी सदऱ्याची बटणं लावत सांगायला लागले. ओल्या अंगानं मी दारात आलो तेव्हा बाबांचं बोलणं रंगात आलं होतं. आनंदानं त्यांचा आवाज कापत होता. "सर, याले सोडतच नाई ना साहेब! जपानचा माणूस सांगून गेला, हाच पाहिजे. भल्ला जीव लावला पाहा याच्यावर." सरांनी बाबांच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांशी बोलून पाहू का, एवढंच त्यांनी विचारलं. बाबाही मागे वळून माझ्याकडे पाहू लागले, हसरे, माझ्या होकाराची वाट पाहत.

"नाही सर," मी म्हणालो, "बाबा बरोबर सांगून राहिले. सोडत नाहीत ते मला."